आकडे पाहून अपरिमेय संख्या ओळखता येते का?

गणित शिकवत असल्यामुळे मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो: कॅल्क्युलेटरवर दशांश चिन्हानंतरचे अंक संपत नसतील आणि त्यांची पुनरावृत्तीही दिसत नसेल, तर ती संख्या अपरिमेय, म्हणजे दोन पूर्णांकांच्या अपूर्णांकाच्या रूपात मांडता न येणारी, समजायची ना? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून सविस्तर लिहितो. तसे समजता येत नाही.

१ ला ९७ ने भागून पाहा. उत्तर ०.०१०३०९२७८३५... असे सुरू होते आणि त्यातील आवर्ती (पुन्हा पुन्हा येणारा) गट तब्बल ९६ अंकांचा आहे. दहा-बारा अंकांच्या पडद्यावर तो मावणे शक्यच नाही. तरीही १/९७ या अपूर्णांकाच्या रूपात मांडता येत असल्याने ही संख्या परिमेय आहे. येथे आवर्तन अटळ का, हे हाताने भागाकार करणाऱ्याला (ही सवय सुटली याची मला खंत वाटते) लवकर उमगते: ९७ ने भागताना बाकी १ ते ९६ यांपैकीच उरते, त्यामुळे कधी ना कधी आधीची एखादी बाकी पुन्हा येते आणि तेथून अंकांची तीच रांग नव्याने सुरू होते. याउलट ०.१०१००१०००१... या संख्येत प्रत्येक वेळी एक शून्य वाढत जाते. रचना स्पष्ट दिसते, पण ठरावीक गट पुन्हा येत नाही, म्हणून ती अपरिमेय ठरते.

तेव्हा पडद्याकडे न पाहता संख्या कशी तयार झाली, ते पाहावे. २ चे वर्गमूळ एखाद्या अपूर्णांकाइतके असते, तर अंशाचा वर्ग छेदाच्या वर्गाच्या दुप्पट झाला असता. परंतु कोणत्याही पूर्णांकाच्या वर्गाचे मूळ अवयव पाडले, तर त्यांत २ हा अवयव सम वेळा येतो, आणि त्या वर्गाची दुप्पट केली की विषम वेळा. एकच संख्या दोन्ही अटी पाळू शकत नाही. २.२५ चे वर्गमूळ मात्र सरळ १.५ आहे, म्हणजे वर्गमूळाचे चिन्ह दिसताच संख्या अपरिमेय ठरवणेही चूकच.

‘पाय’च्या बाबतीत २२/७ हे केवळ जवळचे मूल्य आहे, ‘पाय’ अपरिमेय असल्याचे गणितज्ञ योहान लँबर्ट यांनी १७६० च्या दशकात सिद्ध केले. ‘ई’ (नैसर्गिक लॉगरिदमचा पाया, सुमारे २.७१८) ही संख्याही अपरिमेय आहे. या दोघींची बेरीज हवी तितक्या अंकांपर्यंत काढता येते, पण ती परिमेय आहे की अपरिमेय, हे आजवर कोणालाही सिद्ध करता आलेले नाही.