दोन गाड्या दिल्या, एक आणली

व्हिडिओ कॉलवर आईला नवी गाडी दाखवली. रनिंग बासष्ट हजार मैल, म्हणजे जवळपास एक लाख किलोमीटर, हे बोलण्याच्या ओघात सांगून गेलो, तशी ती म्हणाली, "आरं, जुनीच घ्यायची होती तर एवढ्या लांब कशाला गेलास? जुन्या गाड्या आटपाडीत बी मिळत्यात की."

मिळतात. पण इथे न्यू जर्सीत सेकंडहँड गाडी घेण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. आणि आमची गरज खरं तर आईमुळेच निघाली होती. इथल्या कायद्याने ८ वर्षांखालचं आणि ५७ इंचांपेक्षा कमी उंचीचं मूल मागच्या सीटवर, कार सीटमध्ये नाहीतर बूस्टरवरच बसवावं लागतं. आम्हाला अशी दोन. आमच्या कोरोलात दोन्ही बाजूंना त्या सीट बसवल्या की मधे डब्याची पिशवी तेवढी मावते. मागच्या उन्हाळ्यात आई त्या फटीत बसून वॉशिंग्टनला गेली आणि उतरल्यावर अर्धा तास कंबर धरून उभी होती. म्हणून मिनीव्हॅन. २०१९ची टोयोटा सिएना. आपल्या इनोव्हाची अमेरिकन मावशी म्हणा. दार बाजूला सरकतं, तळ खाली असतो, गुडघेदुखीचं माणूस न वाकता आत जातं.

मी मेट्रोपार्कहून ट्रेनने न्यूयॉर्कला जातो आणि बायको घरून काम करते. तेव्हा २०१०ची कोरोला आणि २०१२ची अकॉर्ड, दोन्ही देऊन एकच गाडी ठेवायची असं ठरलं.

न्यू जर्सीत रविवारी गाड्या विकायला कायद्याने बंदी आहे. शोरूमला कुलूप, पण बाहेरचं आवार बहुतेक ठिकाणी उघडं. आम्ही तीन रविवार तिथे फिरलो. मागे लागायला सेल्समन नाही, मुलं मोकळी. मी गाड्यांखाली वाकून सांगाडा बघत होतो, कारण हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते खालून लोखंड खातं. टायर जुना की नवा हे टायरवरच लिहिलेलं असतं. शेवटचे चार आकडे २३१९ असले तर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला. खाचेत एक सेंटचं नाणं लिंकनचं डोकं खाली करून घालायचं. अख्खं डोकं दिसलं तर टायर गोटा झालाय.

हे करताना मला आजोबा आठवत होते. खरसुंडीच्या बाजारात ते खिलार बैलाचं तोंड उघडून आधी दात मोजायचे. दोन दाती, चार दाती, जुळलेला. मालक काय सांगतो ते नंतर. इथे दात मोजायला कारफॅक्सचा रिपोर्ट असतो. मालक किती झाले, गाडी कुठे ठोकली, सर्व्हिसिंग कधी. पण जे कुणी कळवलंच नाही ते त्यातही येत नाही. म्हणून वर दीडशे डॉलर देऊन बाहेरच्या मेकॅनिककडून गाडी तपासून घेतली. सौद्यातले हे सगळ्यात सत्कारणी लागलेले पैसे.

सोमवारी सौद्याला बसलो. सेल्समनचा पहिला प्रश्न, "महिन्याला किती हप्ता झेपेल?" मग त्याने कोऱ्या कागदावर चार चौकोन काढले. एकात गाडीची किंमत, एकात आमच्या जुन्या गाड्यांचे पैसे, एकात सुरुवातीला रोख किती, चौथ्यात हप्ता. या चार चौकोनांतच सगळी मेख आहे. मी किंमत आठशेने खाली आणली, तर तो "मॅनेजरला विचारून येतो" म्हणून काचेच्या केबिनमध्ये गेला, आणि परत आला तेव्हा जुन्या गाड्यांच्या चौकोनात सातशे कमी झाले होते. हप्ता जवळपास तोच. बैलबाजारात दलाल टॉवेलखाली बोटं धरून भाव करतात, बघणाऱ्याला काही कळत नाही. इथे टॉवेलच्या जागी काचेची केबिन, एवढाच फरक.

मग बायकोने पेन काढून घेतलं. "जुन्या गाड्या आहेत हे विसरा. हप्ताही विसरा, कर्ज आमच्या क्रेडिट युनियनने मंजूर केलंय. फक्त गाडीचं बोला." ती किंमत २४,५०० वर आली, लिहून घेतली, आणि मगच जुन्या गाड्यांचा विषय निघाला.

दोन्हींचे मिळून त्याने ५,५०० सांगितले. आमच्याकडे कारमॅक्सचा, म्हणजे जुन्या गाड्या विकत घेणाऱ्या कंपनीचा, सात दिवस चालणारा आकडा होता, ५,९००. सरळ चारशेचा फायदा, मी उठायच्या तयारीत. पण इथे एक गंमत आहे. डीलरला जुनी गाडी दिली तर न्यू जर्सीत सेल्स टॅक्स उरलेल्या रकमेवरच लागतो. टॅक्स ६.६२५ टक्के. २४,५०० वर तो १,६२३ होतो, १९,००० वर १,२५९. म्हणजे ३६४ डॉलर इथेच वाचतात, आणि खरा फरक उरतो छत्तीस डॉलर. "छत्तीस डॉलरसाठी दोन गाड्या घेऊन दोघांनी तिकडे जायचं?" बायको म्हणाली. बसलो. (कॅलिफोर्नियातल्या मित्राला ही सवलत नाही. तिथे पूर्ण किमतीवर टॅक्स.)

शेवटी कागदपत्रांच्या खोलीत वॉरंटी वाढवा, काचेवर नंबर कोरून घ्या असं तासभर चाललं. टायरमध्ये नायट्रोजन भरल्याचे १९९ डॉलर आधीच बिलात होते. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो हे मी सांगितल्यावर तिथला माणूस हसला आणि त्याने ते खोडून टाकले. डॉक फी, म्हणजे कागदपत्रं करण्याचे पैसे, मात्र खोडली नाही, ती बसलीच. आणि तीन दिवसांत गाडी परत करता येते ही देशी मंडळींत पसरलेली निव्वळ अफवा आहे. सही झाली की झाली. आमच्या गाडीला राज्याच्या लेमन लॉने, म्हणजे खराब गाडी गळ्यात पडू नये म्हणून असलेल्या कायद्याने, वॉरंटी होती, पण तीस दिवस किंवा हजार मैल, जे आधी संपेल ते.

आपल्याकडे गाडी विकली की नंबर गाडीबरोबर जातो. फॉर्म २९, फॉर्म ३०, एजंट, आरटीओ. इथे नंबर माणसाचा. पाट्या काढून घ्यायच्या. एक जोडी नव्या गाडीला, दुसरी मोटर व्हेइकल कमिशनला परत. कोरोलाची मागची पाटी मात्र निघेना, मिठाने स्क्रू गंजून बसलेले. सेल्समनने पक्कड आणली, मी जमिनीवर बसलो. बंपरच्या कडेला पहिल्या दिवशीच्या नारळाचा पोचा तसाच होता.

बैल विकला तरी आजोबा दावं देत नसत. दोर सोडवून, गुंडाळून खांद्यावर टाकायचे आणि मग पैसे मोजून घ्यायचे. स्क्रू सुटला तेव्हा मी पाट्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि बायकोकडे दिल्या. मुलगा कोरोलाच्या मागच्या सीटखाली हात घालून चिल्लर गोळा करत होता. चार डॉलर पंचाहत्तर सेंट निघाले.

अकॉर्डच्या पाट्या अजून सिएनाच्या डिकीत आहेत. शुक्रवारी परत करायला जायचंय.