मॉरिशसला ढोल पुरी खात फिरलो त्याची गोष्ट

मॉरिशस म्हटलं की सगळे बीच आणि बोटिंगच सांगतात. आम्ही दोघांनी मात्र आधीच ठरवलेलं, रिसॉर्ट नको, गावात खोली घ्यायची, लोकल बसनं फिरायचं आणि घाई अजिबात करायची नाही.

राजधानी पोर्ट लुईच्या सेंट्रल मार्केटजवळ पहिली ढोल पुरी खाल्ली आणि ह्यांनी तिथंच दुसरी सांगितली. पिवळी डाळ शिजवून वाटायची, त्यात जिरं-हळद, ती मऊ पिठात भरून पातळ लाटायची, अगदी आपली पुरणपोळीच, फक्त गूळ नाही. दोन पुऱ्या एकावर एक, आत मोठ्या पांढऱ्या वालाची पातळ भाजी, रुगाय म्हणजे टोमॅटोचा मसालेदार रस्सा, वर मिरचीची चटणी आणि कागदात गुंडाळून हातात. गाडीवाल्या मावशी "पिमां?" म्हणजे मिरची घालू का विचारतात, आता कोल्हापूरची माणसं नको कशाला म्हणतील! त्यावर गार अलूदा प्यायचा, दूध, सब्जा आणि आगर-आगर, लई भारी लागतो.

बसमधून जाताना दोन्ही बाजूला ऊसच ऊस, कागल-शिरोळकडं गेल्यासारखं वाटतं, पण मधेमधे काळ्या दगडांचे मोठे ढीग दिसतात. ज्वालामुखीची जमीन, ती ऊसासाठी मोकळी करताना मजुरांनी हातानं उचललेले दगड आहेत ते. पोर्ट लुईच्या बंदरावरचा जुना धक्का, आप्रवासी घाट, बघितला तेव्हा हे जास्त कळलं. 1834 पासून करारावर आणलेले मजूर इथं उतरायचे, पुढं जवळपास पाच लाख भारतीय आले, त्यात मुंबई बंदरातून गेलेली आपली मराठी माणसंपण होती, बरीचशी कोकणातली. धक्क्याच्या त्या 16 दगडी पायऱ्या अजून आहेत. मला तिथून लवकर निघवेना. आपल्याकडं ऊसतोडीला आलेल्या टोळ्या आपण दरवर्षी बघतो, म्हणून असेल, पण समुद्रापार पाठवलेल्या त्या बायकांचा विचार डोक्यातून जात नव्हता.

आणि त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी काय काय जपलंय! गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते, शाळेत मराठी शिकता येतं, झाकरी नाच, म्हणजे आपल्या कोकणातली जाखडी, अजून करतात. एका आजोबांशी बोलत बसलो, त्यांची मराठी आपल्यापेक्षा वेगळ्या चालीची पण समजत होती, तासभर कसा गेला कळलंच नाही. असं बसायला वेळ पाहिजे, एका दिवसात पाच स्पॉट करणाऱ्या टूरमध्ये हे मिळत नाही हे मी ठामपणे सांगते.

घरी आल्यावर ढोल पुरी करून बघितली. डाळ बोटानं चुरडली जाईल इतकीच शिजवायची, गाळ झाली की पुरी फाटते. आणि डाळीचं जे पाणी आपण कटाच्या आमटीला ठेवतो ना, त्यातच तिथल्या बायका मैदा मळतात, त्यानं पुरी गार झाली तरी मऊ राहते.