तीन, पाच आणि आठ

लॉस एंजेलिसमध्ये रविवारी दुपारी साडेबारा वाजता सुरू होणारा कार्यक्रम आपल्याकडे सोमवारी पहाटे दोन वाजता सुरू होतो, आणि मराठी वृत्तपत्राच्या दृष्टीने याहून गैरसोयीची वेळ शोधून सापडणार नाही. शहर आवृत्तीची पाने तोवर छपाईला गेलेली असतात, डेस्कवरची माणसे पांगलेली असतात, आणि जे काही घडेल ते आधी संकेतस्थळावर आणि मग थेट दुसऱ्या दिवशीच्या अंकात, शिळे झाल्यावर, द्यावे लागते. ४ फेब्रुवारी २०२४ च्या त्या रात्री, म्हणजे आपल्या ५ तारखेच्या पहाटे, ६६ व्या ग्रॅमी पुरस्कारांच्या वेळी मी आमच्या संकेतस्थळाच्या डेस्कवर उपसंपादक म्हणून रात्रपाळीला होते.

ग्रॅमी म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सायंकाळचा झगमगता सोहळा येतो. त्या वर्षी एकूण ९४ विभागांत पुरस्कार होते आणि त्यातले जेमतेम मूठभर त्या सोहळ्यात दिले जाणार होते. उरलेले सगळे, म्हणजे ऐंशीहून अधिक, दुपारच्या ‘प्रीमियर सेरेमनी’त, शेजारच्याच पीकॉक थिएटरमध्ये दिले गेले. हा दुपारचा कार्यक्रम यूट्यूबवर थेट दिसतो, पण तो पाहणारे फारसे कोणी नसतात. शास्त्रीय, जाझ, वाद्यसंगीत, जगभरातले संगीत, ध्वनिमुद्रणाची तांत्रिक अंगे हे सारे तिथेच उरकले जाते. तेव्हा भारतीय कलावंतांची बातमी मिळायची असेल तर ती पहाटे दोन ते सहाच्या दरम्यानच मिळणार, हे मला ठाऊक होते आणि म्हणून नामांकनांची यादी मी संध्याकाळीच समोर चिकटवून ठेवली होती.

त्या यादीत एक गंमत होती. ‘बेस्ट ग्लोबल म्युझिक परफॉर्मन्स’ या विभागात भरड धान्यांवरचे ‘अबंडन्स इन मिलेट्स’ हे फाल्गुनी शहा आणि गौरव शहा यांचे गाणे होते, आणि त्यात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या भाषणाचा अंश असल्यामुळे त्यांचेही नाव नामांकनात झळकले होते. आपल्याकडे तीन महिने चर्चा होती ती याच नामांकनाची. त्याच विभागात बँजोवादक बेला फ्लेक, डबल बासवादक एडगर मायर आणि झाकीर हुसेन यांची बासरीवादक राकेश चौरसिया यांच्यासह असलेली ‘पश्तो’ ही रचनाही होती, शिवाय बर्ना बॉय, डेव्हिडो, आरूज आफताब असे तगडे स्पर्धकही होते. पण आमच्या संकेतस्थळावर त्यांच्याविषयी कोणी फारसे लिहिले नव्हते. मी दोन्ही शक्यतांची कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, तयार ठेवली होती. प्रामाणिकपणे सांगायचे तर ‘पश्तो’ची कॉपी मी जरा मन लावून लिहिली होती, कारण बासरी, तबला, बँजो आणि डबल बास यांचा असा मेळ मला स्वतःला फार आवडला होता.

‘पश्तो’ला पुरस्कार मिळाला. ज्या ‘ॲज वी स्पीक’ या अल्बममध्ये ही रचना आहे त्या अल्बमलाही ‘बेस्ट कंटेम्पररी इन्स्ट्रुमेंटल अल्बम’ या विभागात पुरस्कार मिळाला. आणि ‘शक्ती’च्या ‘धिस मोमेंट’ला ‘बेस्ट ग्लोबल म्युझिक अल्बम’चा मान मिळाला. शक्ती म्हणजे गिटारवर जॉन मॅक्लॉफ्लिन, तबल्यावर झाकीर हुसेन, गायनाला शंकर महादेवन, तालवाद्यांवर व्ही. सेल्वागणेश आणि व्हायोलिनवर गणेश राजगोपालन. सत्तरच्या दशकात सुरू झालेल्या या समूहाचा स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेला अल्बम तब्बल ४६ वर्षांनी आला होता. व्यासपीठावर बोलताना शंकर महादेवन यांनी पत्नीचे आभार मानले आणि आपल्या संगीतातला प्रत्येक स्वर तिला अर्पण असल्याचे सांगितले. ते वाक्य मी लगेच टिपून घेतले, कारण वाचक असे वाक्य लक्षात ठेवतात.

खरे काम इथून पुढे सुरू झाले. उजाडायच्या आतच मोबाइलवर संदेशांचा पाऊस पडू लागला. एकात ‘भारताला तीन ग्रॅमी’, दुसऱ्यात ‘भारतीयांना पाच ग्रॅमी’, तिसऱ्यात ‘आठ’, आणि एका उत्साही संदेशात तर ‘झाकीरभाईंच्या बँडला तीन पुरस्कार’ असे होते. आमचे रात्रपाळीचे प्रमुख घरून फोनवर होते.

‘‘भारताला तीन ग्रॅमी, एवढंच हेडिंग टाक आणि मोकळी हो,’’ ते म्हणाले.

‘‘सर, देशाला देत नाहीत हो तो. कलाकाराला असतो. आणि शक्तीत मॅक्लॉफ्लिन आहेत, ते इंग्रज. दुसऱ्या अल्बममध्ये दोघे अमेरिकन.’’

‘‘अगं, वाचक ते बघत बसतो का सकाळी?’’

‘‘बघत नसेल, पण दुसरीकडे पाच वाचून आला तर आपलंच चुकलंय असं म्हणेल.’’

ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘‘बरं, कर तुझ्या मनासारखं, पण पाच मिनिटांत वर गेलं पाहिजे.’’

गंमत अशी की तिन्ही आकडे आपापल्या परीने बरोबर होते आणि त्यातला एकही सुटा दिला असता तर दिशाभूल झाली असती. पुरस्काराचे विभाग तीन. पुरस्कार मिळालेले भारतीय कलावंत पाच: झाकीर हुसेन, राकेश चौरसिया, शंकर महादेवन, सेल्वागणेश आणि गणेश राजगोपालन. आणि प्रत्येकाच्या वाट्याचे पुरस्कार मोजले तर झाकीर हुसेन यांचे तीन, राकेश चौरसिया यांचे दोन आणि उरलेल्या तिघांचा प्रत्येकी एक, असे आठ. एकाच अल्बममधली एक रचना एका विभागात जिंकते आणि तोच अल्बम दुसऱ्या विभागात जिंकतो, ही गोष्ट आपल्या वाचकाच्या सवयीची नाही, कारण आपल्याकडे चित्रपटाच्या पुरस्कारांत गाणे वेगळे आणि चित्रपट वेगळा हे सरळ कळते. इथे मात्र ‘पश्तो’ आणि ‘ॲज वी स्पीक’ यांचे नाते समजावून सांगितल्याशिवाय दोनाचा हिशेब जुळत नव्हता.

मथळा शेवटी असा गेला: ‘झाकीर हुसेन यांना तीन ग्रॅमी, पाच भारतीय कलावंतांचा गौरव’. खालच्या ओळीत मॅक्लॉफ्लिन, फ्लेक आणि मायर यांची नावे मी आग्रहाने घातली. या संगीताचा पाया घालणाऱ्यांपैकी एक माणूस, मॅक्लॉफ्लिन, इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये जन्मलेला आहे, हे लपवून त्याच्या अल्बमचा अभिमान बाळगणे मला कधीच पटलेले नाही. शंकर महादेवन हे श्रीनिवास खळे यांचे शिष्य असल्याचेही मी लिहिले. ती आपल्या वाचकाची स्वतःची गोष्ट आहे आणि ती इतर कुठल्याही भाषेतल्या कॉपीत मिळणार नव्हती.

साडेसहाला मुख्य सोहळा सुरू झाला आणि तक्रारी येऊ लागल्या. ‘आम्ही टीव्ही लावून बसलोय, आपली माणसं कुठे आहेत? दाखवतच नाहीत,’ असा त्यांचा सूर होता आणि काहींनी त्यात अमेरिकेचा दुजाभावही शोधला. मग दुपारचा कार्यक्रम वेगळा असतो, हे सांगणारी एक छोटी चौकट तयार करावी लागली. भरड धान्यांच्या गाण्याचे काय झाले, असे विचारणारेही बरेच होते, आणि ‘त्याच विभागात पश्तो जिंकले’ एवढे उत्तर त्यांना पुरेसे होत नव्हते. पुढे पंतप्रधानांनी पाचही भारतीय कलावंतांचे एक्सवर नाव घेऊन अभिनंदन केले, तेव्हा ती चौकशी आपोआप थांबली.

ऐंशी वर्षांच्या गायिका जोनी मिचेल पहिल्यांदाच ग्रॅमीच्या मंचावर गायल्या, आणि दहाच्या सुमारास टेलर स्विफ्टला चौथ्यांदा ‘अल्बम ऑफ द इयर’ मिळाला. हा पुरस्कार तीन-तीनदा मिळवणारे फ्रँक सिनात्रा, पॉल सायमन आणि स्टीव्ही वंडर यांना मागे टाकणारा तो विक्रम होता. स्विफ्टची बातमी वर टाकून झाकीर हुसेन यांची खाली सरकवायची का, हा वाद सकाळच्या पाळीच्या लोकांनी आपसात मिटवला. मी तोवर घरी निघाले होते.

त्या दिवशी केलेला तक्ता मी जपून ठेवला, कारण असे आकडे पुन्हा लागतात. डिसेंबरमध्ये झाकीर हुसेन गेले तेव्हा तो लागला. कुणी त्यांचे चार ग्रॅमी लिहिले, कुणी पाच. १९९२ मध्ये गौरवल्या गेलेल्या ‘प्लॅनेट ड्रम’ या अल्बममध्ये त्यांचा तबला होता, पण तो पुरस्कार अमेरिकन तालवादक मिकी हार्ट यांच्या नावावर नोंदलेला आहे, २००९ मध्ये ‘ग्लोबल ड्रम प्रोजेक्ट’चा एक आणि त्या पहाटेचे तीन, असे चार. मी श्रद्धांजलीच्या कॉपीत चार लिहिले आणि ‘प्लॅनेट ड्रम’चे वाक्य स्वतंत्र ठेवले.