वासराच्या शेणाचा नमुना आणि एका पत्राची वाट

निरोगी वासराच्या गुदाशयातून हातमोज्याने ताजं शेण काढायला प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते का? या प्रश्नाचं लेखी उत्तर मिळवण्यात माझ्या पीएचडीचा अख्खा पावसाळा गेला. त्याची चीड अजून गेलेली नाही, आणि पुढच्या मुलांचा वेळ वाचावा म्हणून लिहितेय.

विषय साधा होता. लहान वासराचं रवंथाचं पोट तयार झालेलं नसतं. दूध थेट चौथ्या कप्प्यात उतरतं. याच वयात हगवणीने वासरं दगावतात आणि गोठ्यात प्रतिजैविकांचा मारा सुरू होतो. निरोगी वासरांच्या आतड्यातले, दुधावर पोसलेले लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू वेगळे काढायचे आणि ते प्रोबायोटिक (पोटाला मदत करणारे, पाजता येणारे जिवंत जीवाणू) म्हणून उपयोगी पडतील का ते तपासायचं, एवढंच.

परदेशातल्या शोधनिबंधांत कत्तलखान्यातून आतड्यातला माल आणल्याचं लिहिलेलं असतं. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे तो रस्ता बंद. जमिनीवर पडलेलं शेण घ्यावं तर त्यात माती आणि मूत्र मिसळतं, वर हवा लागते. म्हणून पशुवैद्यक नेहमीची तपासणी करतात तेव्हाच, त्यांच्याच हातून नमुना घ्यायचं ठरवलं.

समितीच्या कार्यालयात पहिल्यांदा सांगितलं, फॉर्म बी, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या मंजुरीचा अर्ज, भरा. भरला. मग दुसऱ्या टेबलावर कळलं की हा प्रयोगच नाही, त्यामुळे फॉर्म चालणार नाही. बरं, मग तसं लिहून द्या म्हटलं, तर "लिहून देता येत नाही, बैठकीत ठेवावं लागेल." बैठक गणसंख्येअभावी पुढे गेली. पुढच्या बैठकीत गोठामालकाचं संमतीपत्र मागितलं, जे अर्जाला आधीच जोडलेलं होतं. पण समितीचा कागद नसेल तर नियतकालिकं निबंध हातात घेत नाहीत, म्हणून तिथून उठताही येईना.

सगळ्यात जास्त जिव्हारी लागलं ते हे: मी निवडलेली वासरं तोवर चारा खाऊ लागली. चारा सुरू झाला की आतड्यातली जीवाणूंची वस्ती बदलते, म्हणजे ती वासरं माझ्या कामाची उरलीच नाहीत. कार्यालयाला तारखा ढकलता येतात, वासराला वाढ थांबवता येत नाही. हे मी तिथे बोलून दाखवलं आणि आजही बोलेन.

अखेर एका पशुवैद्यक सरांनी मार्ग दाखवला. मंजुरी मागू नका, सूट दिल्याचं पत्र मागा. एका पानावर लिहा: नमुना नेहमीच्या तपासणीचा भाग, वेगळी इजा नाही, औषध नाही, खाली पशुवैद्यकाची सही. मालकाची संमती मराठीत. पत्र आलं तेव्हा मी जिन्यातच बसून ते पुन्हा पुन्हा वाचलं.

पुढचं काम भराभर झालं. नव्या वासरांचे नमुने एमआरएस माध्यमावर (असे जीवाणू वाढवायचं खाद्य) वाढवले, ग्रॅम पॉझिटिव्ह आणि कॅटलेज निगेटिव्ह (लॅक्टिक आम्ल जीवाणूंच्या ओळखीच्या दोन खुणा) तेवढेच ठेवले, मग पोटात टिकतील का ते बघायला पीएच ३ चं आम्ल आणि ०.३ टक्के पित्तक्षार. बरेच तिथेच गळाले. एमआरएसवर एंटेरोकॉकस हे दुसरे जीवाणूही मजेत वाढतात, ते १६एस जनुकावरून (जीवाणू ओळखायला वाचतात ते जनुक) ओळखून बाजूला ठेवा. त्यांच्यात प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकं फिरत असतात.

आणि हो, ई. कोलाय या हगवण लावणाऱ्या जीवाणूविरुद्धची चाचणी करताना, आपले जीवाणू वाढवून गाळलेल्या द्रवाचा पीएच आधी ६.५ वर आणा, नाहीतर नुसत्या आम्लानेच जीवाणू मरतात आणि आपण भलत्याच आनंदात राहतो. नावांचंही बघा: २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस ही लॅक्टिक आम्ल जीवाणूंची प्रजाती (जीनस) फोडून तिच्या पंचवीस झाल्या, जुनं नाव लिहिलं की परीक्षक निबंध परत पाठवतात.

माझा एक जीवाणू, लिमोसिलॅक्टोबॅसिलस रॉयटेरी, आम्ल आणि पित्त दोन्हींत टिकला, त्याने रक्तपेशी फोडल्या नाहीत आणि पीएच सावरल्यावरही ई. कोलायला रोखलं. त्याचा मला मनापासून अभिमान आहे. आता तो वासरांना पाजून बघायचा आहे. त्याला पूर्ण मंजुरी लागते आणि लागायलाच हवी. वासरं अजून जन्मायची आहेत. अर्ज मात्र आजच देऊन आले, पोच घेऊन.