राजकीय ग्रुपवर जातीवरून हिणवणं आम्ही कसं थांबवतो : माझा अनुभव

सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत तहसील कार्यालयात निघाली, की तासाभरात आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतो : 'आता पोडावरचे लोकं गाव चालवतीन का बाप्पा?' पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. सोडत काढली प्रशासनानं, चिठ्ठी उचलली एखाद्या लहान पोरानं आणि बोलणी खाते त्या राखीव जागेवर उभी राहू शकणारी बाई, जिनं अजून अर्जही भरलेला नसतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या अशाच एका सर्वपक्षीय ग्रुपचा मी ॲडमिन आहे. कापूस-सोयाबीनवाले शेतकरी, पक्षांचे कार्यकर्ते, माजी सरपंच, तांड्यावरची पोरं, कोलाम पोडावरचे शिकलेले तरुण, पारध्यांच्या बेड्यावरचे, म्हणजे वस्तीवरचे काहीजण, मुस्लिम दुकानदार, असे सगळेच त्यात आहेत. समाजावरून हिणवणं इथं खपवून घ्यायचं नाही, असं आम्ही ठरवलेलं आहे. ते अमलात कसं आणतो, तेवढंच इथं लिहितो.

'राजकारण आहे भाऊ, मोकळं बोलू द्या' असं म्हणणारे नेहमी भेटतात. त्यात तथ्य आहे. नेता, पक्ष, योजना, आरक्षणाचं धोरण, यांवर तोंड बंद केलं तर राजकीय ग्रुप हवाच कशाला? पण समाजाला शिवी चालू दिली की ज्याला ती लागते तो भांडत बसत नाही. तो ग्रुप म्यूट करतो आणि गप्प होतो. सगळ्यात आधी बायका गप्प होतात, मग गावात ज्यांची एक-दोनच घरं आहेत ते. पुढे घरकुलाच्या यादीवर चर्चा निघते, तेव्हा ज्यांच्या भिंती खचल्यात त्यांच्यापैकी कोणीच बोलत नाही, आणि उरलेल्यांना वाटतं की गावाचं मत हेच आहे.

आणि हा प्रश्न मतांपुरता नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाचजणांना मारून टाकलं. ते मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून जगणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. अफवा मोबाईलवरून फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. आमच्याकडे असाच संशय पारध्यांवर घेतला जातो. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यापासून चालत आलेला 'जन्मजात गुन्हेगार' हा शिक्का १९५२ मध्ये कागदावरून गेला, तरी कोणाच्या शेतातली मोटार चोरीला गेली की बोट बेड्याकडेच जातं. म्हणून 'बेड्यावरचे फिरून राहिले, सावध राहा' हा मेसेज आम्ही साधी सूचना मानत नाही. तो दिसताक्षणी काढतो आणि ज्याच्याकडे खरी माहिती असेल त्याला ११२ वर फोन करायला सांगतो.

बहुतेक ग्रुप फसतात ते काय चालेल आणि काय नाही, हे ठरवताना. 'जातीय मेसेज टाकू नये' एवढा नियम पुरत नाही, कारण त्याचा अर्थ जो तो आपल्या सोयीनं लावतो. आमचा नियम असा : आरोप करायचा तर नाव, पद, काम आणि तारीख लिहा. हे चार वगळून मागं फक्त समाजाचं नाव उरत असेल, तर मेसेज जाईल. 'सरपंचानं घरकुलाच्या यादीत मेव्हण्याचं नाव घातलं, ग्रामसभेचा ठराव दाखवा' हे चालेल, सरपंच कोणत्याही समाजाचा असो. 'त्या समाजाचा सरपंच झाला की असंच होते' हे नाही चालणार. आरक्षणाची ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडावी का, यावर रात्रभर वाद घाला. 'सवलतीवाल्यांना अक्कल नसते' हे लिहिलं की मेसेज गेला. भोंग्याचा विषय तर दरवर्षी येतो. तेव्हा मी ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम टाकतो : निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि भोंग्यांना रात्री दहा ते सकाळी सहा बंदी. मशीद, मंदिर, विहार, लग्नाचा डीजे, सगळ्यांना एकच माप. ज्याला खरोखर आवाजाचा त्रास आहे तो यावर बोलतो, ज्याला दुसऱ्या समाजावर घसरायचं होतं तो गप्प बसतो. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय राज्य सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये घेतला आहे, त्यामुळे ग्रुपवरही वस्तीचं नवं नावच लिहायचं.

ॲडमिन एकाच आळीचे असले तर हे चालत नाही. टोमणा ज्याला लागतो त्यालाच तो आधी कळतो. 'निळे', 'हिरवे', 'तिकडचे', नुसतं एखादं चिन्ह किंवा स्टिकर, बाहेरच्याला यात काहीच दिसत नाही. आमच्यात पोडावरचा एक, बौद्ध वस्तीतला एक आणि एक आशाताई ॲडमिन आहेत. त्यांच्यापैकी कोणी 'हे काढा' म्हटलं की आधी काढायचं, चर्चा मागून. खरा त्रास व्हॉइस नोटचा. टाईप करायचा कंटाळा म्हणून लोक बोलून पाठवतात, आणि चार मिनिटांच्या नोटमध्ये शिवी शेवटच्या दहा सेकंदांत असते. ती पूर्ण ऐकल्याशिवाय निर्णय देत नाही.

मेसेज आला की क्रम पाळायचा. आधी स्क्रीनशॉट, त्यात नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. व्हॉइस नोट वेगळी साठवायची, चॅट एक्सपोर्ट करायची. डिलीट त्यानंतर. सर्वांसाठी डिलीट साधारण दोन दिवसांपर्यंतच करता येतं, आणि पाठवणाऱ्यानं आधीच काढून टाकलं तर हातात काही राहत नाही. म्हणून साठवायला उशीर नको. मग ग्रुपवर एकच ओळ : कोणता नियम मोडला. चारचौघात झापायचं नाही, तसं केलं की माणूस इरेला पेटतो आणि त्याचे चार सोबती उभे राहतात. त्याला संध्याकाळी फोन करतो. 'काका, हे तुमच्या सुनेबद्दल कोणी लिहिलं असतं तर?' एवढ्यानं बरेचजण उमगतात. ठरलेलं उत्तर येतं : 'म्या नाही लिहिलं, आलं ते टाकलं.' आम्ही ते ऐकत नाही. पुढे पाठवलेला मेसेज हा पाठवणाऱ्याचाच शब्द. पहिल्यांदा समज, पुन्हा केलं तर बाहेर. मारहाणीची भाषा किंवा कोणाचं घर, फोटो, गाडीचा नंबर टाकला तर समज न देता बाहेर.

कायद्याची भीती ॲडमिनला नको तिथे असते. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये स्पष्ट केलं की आधी संगनमत नसेल तर सदस्याच्या मेसेजसाठी ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. मात्र ॲडमिनच्या हातात सदस्य घेणं किंवा काढणं एवढंच असतं, हा त्यातला एक मुद्दा होता. पुढच्या वर्षी ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज डिलीट करण्याची सोय मिळाली. माझ्या मते त्यामुळे आपली जबाबदारी वाढली, कायदा काहीही म्हणो.

तक्रार करायची की नाही, हे ज्याचा अपमान झाला त्यानं ठरवायचं. आम्ही पुरावा देतो, दबाव टाकत नाही, आणि वादात 'ॲट्रॉसिटी लावू' अशी धमकीही चालू देत नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला लोकांसमक्ष जातीवरून अपमानित करणं १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३ मध्ये येतं. त्या समाजांविरुद्ध द्वेष पसरवणंही त्यातच येतं. तपास उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो. धर्म, जात, भाषा यांवरून तेढ पसरवण्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ आहे. अर्ज दोन प्रतींत द्या आणि एकीवर पोच घ्या. ज्या फोनवर मेसेज आला तो फॉरमॅट करू नका, विकू नका. मोबाईलवरचा पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, नुसती स्क्रीनशॉटची प्रिंट कोर्टात टिकत नाही. ठाण्यात घेतलं नाही तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टानं पाठवा. अत्याचाराच्या तक्रारींसाठी १४५६६ हा टोल फ्री नंबर आहे. आणि तो स्क्रीनशॉट 'बघा काय लिहिलं' म्हणून दुसऱ्या ग्रुपवर टाकू नका. शिवी पुन्हा पसरते, आणि टाकणारा स्वतःही अडकू शकतो.

सोडतीच्या, मतमोजणीच्या आणि मिरवणुकीच्या दिवशी आम्ही ग्रुप संध्याकाळपासून सकाळपर्यंत फक्त ॲडमिनपुरता ठेवतो. निकालाचे आकडे आम्हीच टाकतो. नवीन सदस्य मंजुरीशिवाय येऊ देत नाही, नाही तर काढलेला माणूस भावाच्या नंबरवरून परत येतो.

काढलेल्याला कायमचं बाहेर ठेवत नाही. त्यानं स्वतः फोन करायचा, मध्यस्थ नको, आणि ज्या समाजाबद्दल लिहिलं त्या समाजाच्या ॲडमिनशी बोलायचं. तो ॲडमिन हो म्हणाला तर परत घेतो. नाही म्हणाला तर पुढच्या निवडणुकीपर्यंत थांबायचं, मग तो माणूस आमदाराच्या गाडीत बसणारा का असेना.