कधीपासून काळजी करू?

दारात निरोप घेताना गप्पांना जो बहर येतो, तो आत बसलेलं असताना कधीच येत नाही. चपला पायात सरकवलेल्या असतात, कोणीतरी लिफ्ट बोलावून दोनदा परत पाठवलेली असते, आणि नेमकं तेव्हाच कोणाला तरी संध्याकाळभरातला सगळ्यात महत्त्वाचा विषय आठवतो. सुट्ट्यांच्या दिवसांत हा दारातला मुक्काम आणखीच लांबतो. वर्षभर न भेटलेली माणसं भेटलेली असतात, पुढच्या वेळी नक्की लवकर भेटायचं असे वायदे होत असतात, जे पाळले जाणार नाहीत हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असतं. आणि मग दार लागता लागता आतून आवाज येतो, "पोचलीस की कळव गं!"

दहातले नऊजण हे ‘बरंय मग’ म्हणावं तसं म्हणतात. दार लागलं की त्यांच्या दृष्टीने विषय संपतो. माझी एक मैत्रीण मात्र ते अक्षरशः म्हणते. पोचलीस की कळव याचा तिच्या लेखी अर्थ, तू पोचेपर्यंत मी जागी आहे.

हे मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. एका वर्षी सुट्टीत तिच्या घरून रात्री उशिरा निघाले, सुखरूप घरी आले, फोन चार्जिंगला लावला, आवाज बंद केला आणि झोपले. तीनच्या सुमारास दारावर थापा. उघडते तो शेजारीण उभी, अंगावर शाल, डोळ्यांत झोप आणि चेहऱ्यावर माझ्याविषयीचं मत. माझ्या मैत्रिणीने तिला फोन करून उठवलं होतं. त्याआधी मला चौदा वेळा केला होता.

मी चिडले. खरं सांगायचं तर सकाळीसुद्धा चिडलेलीच होते. मी काय लहान मूल आहे? शेजाऱ्यांना कशाला उठवायचं? तिने सगळं ऐकून घेतलं, स्वतःची बाजू मांडायच्या भानगडीत पडली नाही, आणि म्हणाली, "बरं, ठीक आहे. पुढच्या वेळी एवढंच सांगून जा. मी कधीपासून काळजी करू?"

मला तो टोमणा वाटला. तो टोमणा नव्हता, तिला खरोखरच वेळ हवी होती. "साडेबारापर्यंत पोचशील ना? मग मी एकपर्यंत काही करणार नाही. एक वाजला की फोन. दीड वाजला की शेजारीण." असा सगळा हिशोब.

डोंगरात भटकणारी आणि समुद्रात होड्या घालणारी माणसं हेच करतात, हे मला नंतर कळलं. निघण्यापूर्वी मागे राहणाऱ्या कोणाकडे तरी एक चिठ्ठी ठेवायची: कुठे जातोय, कोणत्या वाटेने, परत कधी येणार. आणि त्यातलं सगळ्यात मोलाचं म्हणजे, किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर शोध सुरू करायचा. घड्याळात ती वेळ झाली की मागे राहिलेल्याने ‘उगाच गाजावाजा कशाला’ असा विचार करत बसायचं नाही. लाज, भीड, संकोच, कोणाला वाईट वाटेल का, हे सगळं निघतानाच निकालात काढलेलं असतं.

ॲरन राल्स्टन या अमेरिकन गिर्यारोहकाने नेमकं हेच केलं नव्हतं. 2003 च्या एप्रिलमध्ये तो युटातल्या ब्लू जॉन कॅनियन या अरुंद घळीत एकटाच उतरला. शरीर तयारीचं, अनुभव भरपूर. फक्त कुठे जातोय हे कोणालाही सांगितलेलं नव्हतं. एक मोठा धोंडा सुटला आणि त्याचा उजवा हात कड्याशी चिणला गेला. पाच दिवस तो तिथे अडकून होता. शेवटी त्याने स्वतःच्या हाताने तो हात कापला आणि सुटका करून घेतली. लोकांना त्याच्या धैर्याचं कौतुक वाटतं, आणि वाटावंच. मला मात्र दर वेळी ती न लिहिलेली चिठ्ठी आठवते. तो कुठे आहे हे ठाऊक असलेला एक माणूस, एवढंच कमी होतं.

आता आपण काही घळीत उतरत नाही, मेजवानीहून घरी येतो. पण सुट्टीतल्या रात्रीही बेरकी असतात. दिवस मोठा झालेला असतो, सकाळी सहाला उठून कामं उरकलेली असतात, संध्याकाळी लोक जमलेले असतात, आणि गाडीची किल्ली हातात येते तेव्हा अकरा वाजून गेलेले असतात. सतरा तास झाले. 1997 साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी माणसांना जागं ठेवून त्यांचं हात-डोळ्यांचं काम मोजलं होतं. सतरा तास जागलेल्या माणसाची गत रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसासारखी होते, असं त्यांना आढळलं. म्हणजे ज्याने ग्लासाला हातही लावला नाही, तोही तेवढ्यापुरता प्यायलेला. आणि ज्याने लावला त्याचं काय, ते वेगळं सांगायला नको. कॉफीने झिंग उतरते ही समजूत फार चिवट आहे. कॉफीने फार तर प्यायलेला माणूस जागा राहतो. मद्य शरीरातून जायचं तेव्हाच जातं.

गाडी ताशी 80 किलोमीटरने चालली असेल तर एका सेकंदात ती बावीस मीटर पुढे जाते. तीन सेकंद फोनकडे पाहिलं तर सहासष्ट मीटर आंधळा प्रवास. म्हणून माझी मैत्रीण वाटेत कधीही फोन करत नाही, ‘कुठवर आलीस?’ असं विचारत नाही. माझी काळजीच तुला खड्ड्यात घालायची, म्हणते. निघाल्याचं कळलं की ती वेळ लिहून घेते आणि गप्प बसते. हे गप्प बसणं तिला किती जड जात असेल, हे तिला ओळखणाऱ्यांना समजेल.

जुन्या मराठी पत्रांत सुरुवातीलाच ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे’ अशा धर्तीचा मजकूर असायचा आणि मग ‘विशेष’ म्हणून कामाची गोष्ट यायची. आधी मी ठीक आहे, तू ठीक आहेस का. मोहिमा, वसुली, भांडणं सगळी त्यानंतर. आम्ही शाळेत पत्रलेखनाच्या तासाला असल्या मायन्यांची टिंगल करायचो. आता वाटतं, तेवढं एक वाक्य पोचलं तरी पत्राचं निम्मं काम झालेलं असायचं. उरलेलं विशेष.

मोबाइलवरचा पहिला लेखी संदेशही सणाच्या शुभेच्छांचाच, ही मला आवडणारी गोष्ट आहे. 3 डिसेंबर 1992 रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या बावीस वर्षांच्या अभियंत्याने संगणकावरून एका फोनवर नाताळच्या शुभेच्छा पाठवल्या. ज्यांना पाठवल्या ते गृहस्थ तेव्हा नाताळच्याच पार्टीत होते. त्यांच्याकडून उत्तर आलं नाही. येणं शक्यच नव्हतं, कारण त्या फोनला संदेश घेता यायचा, पाठवता येत नव्हता. उत्तर न देण्याची ही एकच सबब जगात खरी होती आणि ती केव्हाच बाद झाली. तरीही मी, दुसऱ्या दिवशी दुपारी, "सॉरी गं, राहिलंच" असं कितीदा लिहिलंय याची मोजदाद नाही.

राहतं का? विसरतो म्हणावं तर तसंही नाही. पोचलेल्या माणसाला पोचणं ही बातमी वाटतच नाही. घर आलं, दिवा लावला, संपलं. ती बातमी असते फक्त वाट पाहणाऱ्याची. सुखरूपपणाची गंमतच अशी, की तो दिसत नाही. घडलेला अपघात सगळ्यांना दिसतो. टळलेला टाळणाऱ्यालासुद्धा कळत नाही, मग आभार कोणी कोणाचे मानायचे?

निल्स बोलिन या स्वीडिश अभियंत्याचंच पाहा. आधी तो विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करायचा, आणि मग त्याने माणसाला आसनातच धरून ठेवणारा पट्टा केला. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा, तीन ठिकाणी बांधलेला, एका हाताने लावता येणारा. 1959 साली व्होल्वोने तो गाड्यांत बसवला आणि त्याचं पेटंट इतर कंपन्यांनाही खुलं ठेवलं. रोज जगभर किती पट्टे ‘टक्’ करून लागत असतील. त्या टक् बरोबर बोलिनची आठवण कोणाला येते? मला तरी हे लिहायला बसेपर्यंत आली नव्हती. पट्टा रुततो, कपडे चुरगळतात, एवढंच मला त्याच्याविषयी बोलायचं असायचं.

माणसांचंही तेच. मेजवानी देणाऱ्याचे आपण तोंडभरून आभार मानतो. पण त्या रात्री ज्याने मुद्दाम काही घेतलं नाही आणि चौघांना आपापल्या दारात सोडलं, त्याला आपण ‘रंगाचा बेरंग करतोस’ म्हणून पिडलेलं असतं. आमच्या एका मित्राने दुसऱ्याच्या गाडीची किल्ली खिशात घातली आणि सकाळपर्यंत दिली नाही. पुढे सहा महिने दोघांत अबोला होता. सहा महिने! अबोला सुटला तोही क्रिकेटवरून.

आभार न मानण्यामागे कृतघ्नपणाच असतो असं मात्र मला वाटत नाही, संकोच जास्त असतो. अमित कुमार आणि निकोलस इपली या दोन संशोधकांनी 2018 मध्ये याचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना आपल्या आयुष्यातल्या एखाद्या माणसाला कृतज्ञतेचं पत्र लिहायला सांगितलं आणि ते वाचून त्याला काय वाटेल, याचा अंदाज विचारला. लिहिणाऱ्यांना वाटत होतं, समोरचा अवघडेल. प्रत्यक्षात पत्र मिळालेले लोक अंदाजापेक्षा बरेच कमी अवघडले आणि बरेच जास्त खूश झाले. मी हे वाचलं, मान डोलावली, आणि कोणालाही काहीही लिहिलं नाही.

मग गेल्या सुट्टीत एक वेगळाच प्रकार झाला. कामाच्या ठिकाणचे एक वयस्क सहकारी, एकटे राहतात. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही सगळे जमलो होतो. निघताना जो तो एकमेकांना ‘पोचलात की कळवा’ म्हणत होता. मी सहज त्यांना विचारलं, "तुम्ही पोचल्यावर कोणाला कळवता?"

"कुलपाला," ते म्हणाले.

सगळे हसले, तेही हसले. माझ्या घशात मात्र ते अडकलं. सुट्टीच्या दिवसांत सगळ्या जगाला कोणीतरी असतं असं वातावरण असतं, आणि ज्याला नसतं त्याला तेवढे चार दिवस आपण मोजणीतून गळालोय असं वाटत असणार. मी त्यांना म्हटलं, "आजपासून मला कळवा." ते ‘कशाला उगाच’ म्हणाले. मग मी, माझ्याही नकळत, मैत्रिणीच्या आवाजात विचारलं, "साधारण कधीपासून काळजी करू?"

त्यांनी जरा थांबून घड्याळ पाहिलं. "साडेअकरा," म्हणाले. हा प्रश्न त्यांना कोणी बऱ्याच दिवसांत विचारला नसावा.

साडेअकरा झाले. काही आलं नाही. अकरा पस्तीस, अकरा चाळीस. मी फोन उलटा ठेवला, पुन्हा सुलटा केला. पंखा बंद करून पाहिला, जणू त्या आवाजात संदेश ऐकू आला नसता. फोन करावा तर ते अजून चालवत असतील. न करावा तर. बारा वाजत येईपर्यंत मी त्यांचे तीन वेगवेगळे अपघात मनात घडवून आणले होते आणि प्रत्येकात दोष माझाच होता. बाराला पाच कमी असताना फोन उजळला.

"पोचलो. कुलूप अडकलं होतं. त्याला तुमच्याविषयी कळलेलं दिसतं."

मी बराच वेळ एकटीच हसत बसले. हसू ओसरलं तेव्हा पंचवीस मिनिटं म्हणजे किती असतात ते अंगात उतरलं होतं. आणि त्या रात्री तीन वाजेपर्यंत म्हणजे किती, तेही. तिच्याकडे तर विनोद करणारं कुलूपही नव्हतं, होती ती चौदा वेळा वाजून बंद पडलेली रिंग आणि सकाळी ऐकून घेतलेली माझी बोलणी.

त्या तंद्रीत मी तिला लिहिलं. फार विचार केला नाही, केला असता तर पुसलं असतं. "त्या रात्री माझ्यासाठी जागी राहिलीस त्याबद्दल कधी म्हटलंच नाही. आत्ता म्हणते. थँक यू. तू आहेस म्हणून बरं वाटतं."

दोन निळ्या खुणा तत्काळ आल्या. म्हणजे जागीच होती. सुट्टीचे दिवस, कोणीतरी कुठूनतरी घरी निघालेलं असणार. मी उत्तराची वाट पाहत राहिले. ती अवघडेल, का खूश होईल?

फोनच वाजला.

"काय झालं?" ती म्हणाली. "कुठे आहेस तू?"