नळदुर्गच्या वाटेवर दोन वह्या

सोलापूरहून हैदराबाद रस्त्याला लागलं की तासाभरात नळदुर्ग. लोक उतरतात किल्ल्यातल्या पाणीमहालासाठी. नर-मादी धबधबे बघायचे तर बोरी नदी भरून वाहायला हवी, म्हणून गर्दी पावसाळ्यात. मी गेलो नोव्हेंबरात, आणि अलीकडच्याच एका बाजारगावात उतरलो. तिथल्या सिमेंट-पाइपच्या दुकानाचे मालक निवृत्त सुभेदार, भागातल्या माजी सैनिकांच्या संघटनेचे अध्यक्ष.

गल्ल्यावर दोन वह्या. एक उधारीची. दुसरीत प्रत्येक सैनिकाचा आर्मी नंबर, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर, नोकरीचे कागद सांभाळणारं रेकॉर्ड ऑफिस (मराठा लाइट इन्फंट्री असेल तर बेळगाव, महार असेल तर सागर, तोफखाना असेल तर नाशिक रोड) आणि बायकोचं नाव, रेकॉर्डला आहे तसंच.

नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना: पेन्शन चालू राहायला माणूस जिवंत असल्याचा पुरावा. ऐंशी पार केलेल्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. शेतात राबलेल्या बोटांचे ठसे मशीन घेत नाही, म्हणून इथे मोबाइलवर चेहरा दाखवतात. आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण ही दोन ॲप लागतात. माणसाला उजेडाकडे तोंड करून बसवायचं. पाठीमागून ऊन आलं की चेहरा काळा पडतो.

"दादा, मान हलवू नका. नुसते डोळे मिचकवा."

खरी चूक त्याआधीच होते. पेन्शन बँकेत जमा होते, म्हणून पेन्शन देणाऱ्या संस्थेच्या रकान्यात लोक बँकच निवडतात. पेन्शन 'स्पर्श'मध्ये, म्हणजे संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन व्यवस्थेत, गेली असेल तर तिथे स्पर्शच निवडावं लागतं. दाखल्याचा प्रमाण क्रमांक आला म्हणजे काम झालं, असंही नाही. दाखला मंजूर झाला की फेटाळला, हे दोन-चार दिवसांनी बघायचं. सुभेदार तोवर नावापुढे टिंब ठेवतात, मंजुरी दिसली की बरोबरची खूण. उधारीच्या वहीतही हीच पद्धत.

त्यांचा जास्त वेळ जातो बायकोच्या नावात. आधारवर भामाबाई, रेकॉर्डला नुसतं भामा. नवरा असेपर्यंत ही चूक कुणाला टोचत नाही. तो गेला की कुटुंब पेन्शन तिथेच अडते. म्हणून आधार, लग्नाचा पुरावा आणि प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला, तोही माणूस हयात असतानाच. हे पटवणं सिमेंट विकण्याहून अवघड, असं ते म्हणतात. म्हातारबुवांना त्यात अपशकुन वाटतो.

दुपारी नळदुर्गला गेलो. १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस ॲक्शनची सोलापूरकडची फौज इथूनच निजामाच्या मुलखात शिरली. शीख रेजिमेंटचे हवालदार बचित्तर सिंग इथेच पडले. मांडीत गोळी लागली असताना त्यांनी पुढे सरकत दोन ग्रेनेड टाकून मशीनगन बंद पाडली. मरणोत्तर अशोकचक्र.

परतताना दुकानात हे बोलून दाखवलं. सुभेदारांनी वही मिटली.

"हवालदार गेले. त्यांच्या घरच्यांचे कागद कुणी केले असतील हो?"